डाव्या बाजूचा हेडलाइट

टक् करून डब्याची कडी बसली आणि सकाळपासून घरात दाटलेली शांतता तेवढ्यापुरती फुटली. क्षितिजाने आईकडे पाहिलं, मग बाबाकडे. पाच वर्षांची पोर, पण आज घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही हे तिला न सांगता कळलं होतं. तिने डबा दप्तरात कोंबला आणि चपला शोधायला बाहेर गेली.

ओट्यावर मिठाच्या बरणीखाली एक टाइप केलेला कागद होता. मीठ लागलं की संघरत्ना बरणी जागची न हलवता चिमटीने काढत होती, जशी काही ती उचलली तर कागद उडून स्वतःच सही करून येणार होता.

"केलीस का सही?" ओमकारने शेवटी विचारलं. तो काल्हेरच्या गोडाऊनमध्ये कामाला होता, आज पहिली शिफ्ट. एक पाय बुटात, एक बाहेर.

"नाही."

"संघा, एक सही आहे. कोर्टात नाही जायचं कुणाला. उद्या सावळारामबाबाच्या ओटीवर चार माणसं बसतील, काळूशेठ कागद दाखवतील, चहा होईल, विषय मिटला."

"चार माणसांपुढे वाचणार की बाईने काम चुकवलं म्हणून म्हातारा पडला. मग माझ्याकडे बल्ब बदलायला तरी कोण येईल?"

"गाळा त्यांचा आहे." ओमकारने दुसरा बूट घातला. "मी काही तुझ्या विरुद्ध बोलत नाही. गाळा त्यांचा आहे, एवढंच म्हणतोय."

वाईट नव्हता तो. गाळ्यावरची 'क्षितिजा ऑटो इलेक्ट्रिक' ही पाटी त्यानेच स्वतःच्या हाताने रंगवली होती, अक्षरं जरा उजवीकडे घसरलेली. पण वळ गावच्या रस्त्यावरच्या त्या सगळ्या गाळ्यांचा मालक काळूराम, आणि काळूरामाला नाही म्हणायची गावात कुणाला सवय नव्हती.

झालं होतं असं. मंगळवारी दिवेलागणीला काळूरामाचा मुलगा प्रितेश त्यांची पांढरी मोठी गाडी घेऊन घरी येत होता. सावळाराम, गोडाऊनचा वॉचमन, पासष्टीचा माणूस, सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेने समोरून चालला होता, कारण गेट त्याच बाजूला होतं. त्याला येताना एकच दिवा दिसला. बाइक आहे, मधून निघून जाईल, असं वाटून तो चालत राहिला. बाइक नव्हती. गाडीचा डावा हेडलाइट बंद होता आणि त्या अंधाऱ्या डाव्या अंगानेच सायकल उडवली. सावळारामाचं मनगट मोडलं, गळ्याजवळचं हाडही.

आणि तो डावा हेडलाइट पाच महिन्यांपूर्वी संघरत्नाने केलेला. होल्डर जळला होता, तिने नवा होल्डर घातला, नवा बल्ब घातला. गावात दुसऱ्याच दिवशी कुणालाही विचारलं तरी उत्तर तयार होतं.

तीन रात्री तिला एकच शंका खात होती, जी तिने ओमकारला सांगितली नव्हती. खरंच आपली चूक असली तर?

*

लाइटचं काम ती धामणकर नाक्यावर शिकली, लतीफ उस्तादांच्या टपरीत. आयटीआयचं सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा उस्तादांनी ते वाचलंही नाही. तिच्या हातात जुन्या बल्बला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प दिला आणि म्हणाले, "बेटी, सब लोग आते ही बत्ती बदलते हैं. बत्ती बेचारी क्या करे? तू पहले रास्ता देख. जाने का भी, आने का भी." पहिले दोन महिने त्यांनी तिला पाना धरू दिला नाही. नुसतं बघायचं, मीटर लावायचं आणि वहीत आकडा लिहायचा. ती सवय अजून होती. काम करण्याआधीचा आकडा, काम झाल्यावरचा आकडा, तारीख. त्या गाडीचं पानही वहीत होतं. ते तिने तीन दिवसांत दहा वेळा वाचलं होतं.

दुपारी बालवाडीतून क्षितिजाला घेऊन, खांद्यावर अवजारांची पिशवी टाकून, ती काळूरामाच्या बंगल्यावर गेली.

ओट्यावर ठकुआजी बसली होती, काळूरामाची आई. पुढ्यात परात, परातीत लिंबं आणि हिरव्या मिरच्या. शुक्रवार होता, उद्याच्या शनिवारची लिंबू-मिरची ती आजच ओवून ठेवायची. बारीक तार, त्यात लिंबू, मग सात मिरच्या. एक गेटाला, एक ट्रॅक्टरला, एक ऑफिसला, एक प्रितेशच्या बाइकला, एक गाडीला.

"आली गं माझी मैना," ठकुआजी म्हणाली, आणि क्षितिजा परातीशी जाऊन बसलीही. संघरत्ना गाळ्यात असली की पोर दुपारी इथंच असायची. आजी तिला गोष्टी सांगायची, केस विंचरून द्यायची, भाकरीवर साखर घालून द्यायची. पाणी प्यायला तिच्यासाठी एक वेगळा, फुलाफुलांचा ग्लास होता. पोरीला फुलं आवडतात, असं आजी म्हणायची. संघरत्नाने त्यावर कधी काही म्हटलं नव्हतं.

काळूराम आतून आला. "कागद आनलास?"

"आणलाय. सही नाही केली. आधी गाडी बघते."

"गाडीत काय बघाचं? गॅरेजवाला म्हनला वायरिंगला कुनीतरी हात लावलाय. हात कुनी लावला? तूच ना?"

"मीच. म्हणूनच बघते." तिने पिशवी खाली ठेवली. "माझी चूक निघाली तर इथंच तुमच्यासमोर सही करते, मोठ्या अक्षरात. नाही निघाली तर त्या कागदाला मी बोट लावणार नाही."

"आन् मी न्हाय म्हनलो तर?"

"तर उद्या मीही सावळाबाबांच्या ओटीवर येऊन बसते. मला गाडी बघू दिली नाही, एवढंच सांगते."

काळूरामाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं भाडेकरूने एकदम घराचा नकाशा मागावा. मग तो हसला. "बघ बाय. तुजा पन जीव थंड होऊ दे. प्रितेश, चावी दे तिला."

प्रितेश मोबाइलमधून मान वर न काढता आला. चोवीस वर्षांचा, केस दर पंधरा दिवसांनी नवे. "ताई, टाइमपास आहे हा. लेफ्ट तुम्हीच केलेला."

"दादा, गाडी त्या शेडच्या भिंतीसमोर घे. सावलीत. आणि लाइट लाव."

भिंतीवर उजवीकडे पांढरा लख्ख गोल पडला. डावीकडे काहीच नाही. नीट बघितलं तर एक पिवळट, आजारी डाग. "आता डावा इंडिकेटर." प्रितेशने दांडी ओढली आणि तो पिवळट डाग इंडिकेटरच्या तालावर कमी-जास्त व्हायला लागला, जसं कुणी धापा टाकतंय.

"बघा," प्रितेश म्हणाला. "तुमची सेटिंग."

संघरत्नाला मात्र पहिल्यांदा जरा धीर आला. नुसता बल्ब किंवा होल्डर बिघडला असता तर इंडिकेटरचं आणि हेडलाइटचं असं साटंलोटं झालं नसतं. पण वाटणं वेगळं आणि मीटर वेगळं. तिने बॉनेट उघडलं.

आधी तिने दोन्ही बल्ब काढून अदलाबदल केली. डावीकडचा, तिने घातलेला बल्ब उजवीकडे लागला आणि भिंतीवर लख्ख पेटला. उजवीकडचा चांगला बल्ब डावीकडे येऊन आजारी पडला.

"बल्ब चांगला आहे," ती म्हणाली. "मी घातलेला."

"मंग होल्डर," काळूराम म्हणाला. त्याने खुर्ची मागवली होती.

मग तिने होल्डर काढला. इथंच होतं जे काय असेल ते. प्लास्टिक वितळलं असलं, पिन काळी पडली असली, तर ओमकारचं म्हणणं खरं, कागद खरा, गाव खरं. तिने होल्डर उजेडात धरला. तीनही पिना पितळी, स्वच्छ, बसवल्या दिवशी होत्या तशा. तिने तो काळूरामासमोर धरला. काळूरामाने तो असा हातात घेतला जसं लग्नाच्या स्थळाची पत्रिका, आणि काहीच न कळून परत दिला.

"करंट येतोय का बघते." मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, एक होल्डरच्या पिनवर. बारा पॉइंट तीन. तिने आकडा मोठ्याने वाचला, वहीत लिहिला. "येतोय. पुरता येतोय."

"येतोय तर पेटत का न्हाय?" हे ठकुआजीने विचारलं, ओट्यावरून.

"आजी, करंट आला की परत जायला पण लागतो. बॅटरीतून निघतो, बल्बमधून जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीला. परतीची वाट बंद असली की बल्ब अडकून बसतो. मग तो मिळेल त्या वाटेने घुसतो. इंडिकेटरच्या वाटेने घुसत होता, म्हणून तो धापा टाकत होता."

"बाळंतिणीसारखं," ठकुआजी म्हणाली. कुणी हसलं नाही, पण संघरत्नाला बरं वाटलं.

तिने लाइट चालू ठेवून मीटर परतीच्या काळ्या वायरवर लावलं. तिथं शून्याच्या जवळपास यायला हवं. सात पॉइंट एक आलं. मग तिने पिशवीतून एक लांब वायर काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला चिमटवलं, दुसरं त्या काळ्या वायरला टेकवलं.

भिंतीवर दुसरा गोल उगवला. उजव्याइतकाच पांढरा. क्षितिजाने ओट्यावरून टाळी वाजवली.

"म्हणजे?" प्रितेशने मोबाइल खिशात घातला.

"म्हणजे माझ्या कामापासून पुढे सगळं ठीक आहे. ही काळी वायर जिथं बॉडीला बोल्टने कसलेली असते, तिथं गडबड आहे. तिथं मी हातच लावलेला नाही."

ती गाडीसमोर जमिनीवर बसली, मग सरळ पाठीवर झोपून बंपरखाली सरकली. टॉर्च तोंडात. काळ्या वायरचा माग काढत बोट वर गेलं, जाळीच्या आत, जिथं बाहेरून कुणाची नजर जात नाही. तिथं तो बोल्ट होता. पण बोल्ट दिसत नव्हता. त्याभोवती तारेचे वेढे होते, एकावर एक, काही तुटलेले, काही गंजलेले, आणि त्या सगळ्यावर हिरवट-पांढरी खपली. खपलीत लिंबाच्या बिया अडकल्या होत्या. मिरचीचं एक वाळकं देठ.

तिने बोल्टला पाना लावला. जोर न लावताच फिरला.

खाली पडल्या पडल्या तिला ओट्यावरची परात दिसली. ठकुआजीच्या बोटांत तीच बारीक तार. मांडीला मांडी लावून बसलेली क्षितिजा मिरच्या मोजून देत होती, पाच, सहा, सात.

गंजलाय, एवढं म्हटलं तरी भागेल, तिच्या मनात आलं. बोल्ट गंजला. कुणाचा दोष नाही. आजीला काही कळायला नको. पोर उद्याही इथंच येईल.

तुटक्या तारा आणि बिया मुठीत घेऊन ती बाहेर आली, केसातली माती झटकली आणि मूठ उघडली नाही.

"काय निघालं?" काळूराम.

"अर्थिंगचा बोल्ट सैल आहे. वायर आणि पत्र्याच्या मध्ये तार घातलेली आहे. खूप वेळा घातलेली. वर खार धरलाय."

"कसली तार?"

संघरत्नाने प्रितेशकडे पाहिलं. प्रितेशचा चेहरा भिंतीवरच्या पहिल्या डागासारखा झाला होता. तेवढ्यात काळूरामाने तिची मूठ पाहिली आणि हात पुढे केला. तिने उघडली. तारेचे तुकडे, चार बिया.

मग काळूराम हळू आवाजात, बायाबापड्यांशी बोलावं तसं बोलला. "बरं केलंस शोधलंस. आता असं कर. कागदावर लिही, वायरिंगला गंज धरला. तुजं नाव न्हाय, कुनाचं नाव न्हाय. लिंबाचं कशाला काढाचं?"

"गंज का धरला, असं उद्या कुणी विचारलं तर?"

"तर गंज धरतो. पावसाळा झाला." त्याने खांदे उडवले. मग त्याच आवाजात पुढे म्हणाला, "न्हायतर लोकं काय म्हनतील? आमची लिंबू-मिरची हिनं काढली. तुमच्या लोकांना तेवढंच पाहिजे असतं."

त्या वाक्याने तिच्या पाठीवरची माती एकदम थंड लागली. मघापासून जे गंज म्हणून सोडून द्यावं असं वाटत होतं, ते तिने दोन्ही हातांनी परत उचललं.

"शेठ, मी लिंबाबद्दल काहीच बोलत नाही. लिंबू जाळीला बाहेरून बांधलं असतं तर वाऱ्याने वाळून गेलं असतं, लाइट गेली नसती. बोल्ट सोडून, वायरच्या खाली तार घालून, अर्धा कसून बांधलंय. प्रत्येक शनिवारी. रेडिएटरच्या उबेने रस तिथंच आटला. आता हे कुणी केलं ते मला माहीत नाही. पण कागदावर जे दिसलं तेच येईल."

"प्रितेश," ठकुआजीने हाक मारली. फार मोठ्याने नाही. "मी तुला म्हनलेली, फुडं जाळीला बांध."

"आजी, ते... फोटोत येतं." प्रितेश पायाने फरशी घासत होता. "गाडीच्या फ्रंटला ते लिंबू लोंबतं. मी म्हटलं आत बांधू. एक बोल्ट होता रिकामा."

"रिकामा नव्हता," संघरत्ना म्हणाली.

"मला काय माहीत? लाइट जायची-यायची पंधरा दिवस. बंपरला लाथ मारली की यायची."

"लाथ," काळूराम म्हणाला.

"गाळ्यावर का नाही आणलीस, दादा? दोनशे पावलांवर आहे."

"तुम्ही मीटर लावून बसता तास तास," प्रितेश पुटपुटला.

संघरत्नाने टाइप केलेला कागद खिशातून काढला, चार घड्या घातल्या आणि काळूरामाच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. मग वहीचं एक पान फाडलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्यानेच लिहिलं. बल्ब ठीक, होल्डर ठीक, करंट बारा पॉइंट तीन. डाव्या अर्थिंगच्या बोल्टखाली लिंबू-मिरचीची तार बांधल्याने बोल्ट सैल होता, खार धरला होता. त्यामुळे डावा हेडलाइट बंद. तारीख. खाली पूर्ण नाव, आईचं, बापाचं, नवऱ्याचं, जेवढं होतं तेवढं.

"ह्ये मी उद्या दाखवनार न्हाय," काळूराम म्हणाला. "आन् गाळ्याचं पन बघू मग."

"बघा. लाइटचं काम झाडाखालीही होतं, शेठ. उस्ताद अठरा वर्षं टपरीत बसले." तिने वही उचलून दाखवली. "माझ्याकडे वही आहे. दुसरं पान फाडायला वेळ लागत नाही."

"वाच गं ते," ठकुआजी म्हणाली.

संघरत्नाने वाचलं. लिंबू-मिरची हा शब्द आला तिथं तिने आवाज हळू केला नाही, पण आजीकडे पाहिलंही नाही. वाचून झाल्यावर म्हातारी बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होती. तिथं तारेने पडलेले बारीक लाल वळ होते. मग तिने हात पुढे केला, कागद घेतला, दुमडला आणि कनवटीला खोचला.

"सावळा माज्या म्हायेरच्या गावचा. उद्या मीच जाते."

"आये, तू कशाला—"

"तू येऊ नको."

संघरत्ना पुन्हा बंपरखाली गेली. कागद लिहून झाला म्हणून गाडी तशी सोडायची, हे तिला जमणारं नव्हतं. तारा कापून काढल्या, खपली खरवडली, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायर बसवली, बोल्ट पूर्ण कसला. मीटर लावलं. शून्य पॉइंट एक. आकडा वहीत गेला. बाहेर आली तेव्हा ऊन शेडवरून उतरलं होतं आणि भिंतीवर दोन गोल शेजारी शेजारी उभे होते, एकसारखे. प्रितेश त्यांच्याकडे बघत होता. "थँक्यू," तो म्हणाला, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

निघताना ठकुआजीने परातीतल्या चार लिंबू-मिरच्या उचलल्या आणि आत नेल्या. पाचवी तिथंच राहिली. क्षितिजाचा फुलाफुलांचा ग्लास ओट्याच्या कडेला अर्धा भरलेला होता. संघरत्नाने तो उचलला, उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि आतल्या सगळ्या ग्लासांच्या रांगेत मधोमध नेऊन ठेवला.

रस्त्यावर गोडाऊनच्या ट्रकांची रांग लागली होती, दिवे लागायला सुरुवात झाली होती. क्षितिजा आईचं बोट धरून चालत होती आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे मोजत होती. दोन. दोन. एक, पण ती बाइक होती. सावळारामाची सायकल जिथं पडली होती तिथं कडेला अजून रिफ्लेक्टरचे लाल तुकडे होते. संघरत्नाने पोरीला आतल्या बाजूला घेतलं.

"आई, लिंबू कशाला बांधतात?"

"कुणाला काही वाईट होऊ नये म्हणून. आजी तसं म्हणते."

"प्रितेशदादाला होऊ नये म्हणून?"

"हो."

"दादाला काहीच नाही झालं."

"नाही झालं."

पोर चालता चालता लाल तुकड्यांकडे वळून बघत होती. मग आईचं बोट तिने घट्ट धरलं.

"मग सावळाबाबांच्या सायकलला कुणीच का नाही बांधलं?"